रफूचा धागा

"मग रफूत असं काय आहे, जे माझ्या जरदोजीत नाही?"

दस्तगीर उस्तादांच्या आवाजात घुस्साच होता. जरीच्या तारेनं भरतकाम करण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. आणि आज ते माळावरच्या झोपडीत एका म्हाताऱ्या फकिरापुढे बसले होते. हे नूरशा बाबा एके काळी रफूगर होते, एवढंच लोकांना ठाऊक होतं.

बाबांनी नुसती मांडीवरची शाल उलगडली.

शाल उस्तादांच्या बायकोची, हमीदाची. ती हयात असतानाच शेगडीची ठिणगी उडून शालीला भोक पडलं होतं. रफू करून द्या, म्हणून ती मागे लागायची. असली ठिगळं जोडायची कामं आपली नव्हेत, असं म्हणून उस्ताद टाळत राहिले.

ती गेली, आणि मग त्यांनी सुई हातात घेतली. आधी आरीनं, आकडीच्या सुईनं, साखळीटाका घालून पाहिला. मग चिकनकारीचा नाजूक टाका. शेवटी महिनाभर खपून जरीचं फूल भरलं. भोक झाकलं गेलं, पण शाल तेवढ्या जागी पुठ्ठ्यासारखी ताठ झाली. अंगावर घेतली की टोचायची. शाल पेटीत गेली, आणि थंडीच्या दिवसांत उस्ताद रिकाम्या घरात तसेच कुडकुडत पडू लागले.

बाबांनी कात्री घेतली आणि ते फूल सावकाश उसवायला लागले. उस्तादांनी मान फिरवली.

"दोरा कुठून आणला होतास?"

"बाजारातून. उत्तमातला उत्तम."

"रफूला बाजारातला चालत नाही."

"मग कुठला...?"

बाबांनी शालीचा काठ त्यांच्या हातात दिला, आणि एक बारीक सुई.

"इथला ओढून काढ. तोच भोकात विणायचा."

उस्तादांनी काठ बोटांत धरला. केस विंचरताना हमीदा हाच काठ दातांत धरून ठेवायची. तिच्या तेलाचा वास त्याला अजून होता... किंवा त्यांना तसं वाटलं.

बाहेर माळावर वारा सुटला होता. 

"बाबा," उस्ताद अखेर म्हणाले, "भोक मोठं आहे. धागे काढत गेलो, तर शाल आखूड होईल..."

"होईल," बाबा म्हणाले. "पण पांघरता येईल."