चंद्रीचे पानगे

जनावरं आपली चूल आपणच पेटवायची, त्या काळी माळावर चंद्री नावाची म्हातारी शेळी एकटी राहायची. लांडग्याच्या धास्तीनं तिनं राखणीला दोन कुत्रे ठेवले होते आणि त्यांच्यासाठी ती रोज पानगे भाजायची. कणकेचे गोळे पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खरपूस करायची. मग पानं सोडवून कुत्र्यांच्या पुढ्यात मांडायची आणि आतले गोळे उकिरड्यावर फेकायची. शेळीच ती! तिच्या लेखी पान हेच पक्वान्न. कणीक आपली पान मऊ राहावं म्हणून.

कुत्रे अंगानं चांगले भरले.

"माझ्या खुरांनाच चव आहे," चंद्री शेजारच्या म्हशीला ऐकवायची, "तुला नाही कळायचं."

पुढे उकिरड्यावर माश्या फार झाल्या, म्हणून ती गोळे ओढ्यात सोडू लागली. आठवड्यात कुत्र्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या आणि थोरला टिप्या निरोप घ्यायला आला.

"निघालास? लांडगा टपलाय रे! आणि माझी पानं कोण खाणार?"

"आजी, पानं तुमचा मान राखायला हुंगत होतो. पोट उकिरड्यावर भरत होतं."

चंद्री अशी हसली, की दाढी हलली.

"म्हणजे राखणदारांना कचरा आणि उकिरड्याला मेजवानी! वर टेंभा कुणाचा, तर माझा!"

त्या दिवशी तिनं गोळे कुत्र्यांना वाढले, पानं स्वतः खाल्ली. कुत्रे राहिले.

म्हशीनं खोदून विचारलं, तेव्हा चंद्री मान वर करून म्हणाली, "नवा पदार्थ काढलाय. खाणाऱ्यांना विचारून केलाय. तेवढं एक आधी राहून गेलं होतं."