चामड्याची चकती

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याने ठरवले की, मुलाला लग्नाला न्यायचे ते आपल्या वडिलांच्या जुन्या मोटारीतूनच. व्यापाऱ्याचे नाव भूपालशेठ. लग्नाच्या आदल्या सकाळी मोटारीचा वीज पुरवणारा डायनामो फिरेना. इंजिन आणि डायनामो यांना जोडणारे कपलिंग, म्हणजे मधली चामड्याची चकती, फाटली होती.

मोटार इस्माईल वस्तादांकडे आली. वस्ताद वृद्ध आणि मितभाषी. त्यांचा शिष्य विश्राम मात्र इंजिनिअर होऊन आलेला. त्याने दुपारपर्यंत लेथवर पोलादाचे कपलिंग घडवले आणि अभिमानाने पुढे ठेवले.

"वस्ताद, आता हे शंभर वर्षं तुटत नाही."

वस्तादांनी ते निरखले, "काम सुबक आहे," म्हणाले आणि चहाच्या पेल्यावर झाकण म्हणून ठेवले. मग शेठकडे वळले. "शेठ, उजव्या पायातली चप्पल काढा."

शेठनी देवळात आल्यासारखी निमूट काढली. कालच घेतलेली, जाड तळव्याची. वस्तादांनी टाचेतून गोल चकती कापली, भोके पाडली आणि कपलिंगमध्ये बसवली. शेठ एका चपलेनिशी घरी गेले.

विश्रामला राहवेना. "हे तर कधीही तुटेल."

"तुटावं म्हणूनच बसवलंय," वस्ताद म्हणाले. "इंजिन हट्टी, डायनामो हट्टी. दोघांची रेषा कधी तंतोतंत जुळत नाही. मधला नरम असला तर दोघांचे हिसके पोटात घेतो. आणि एखादा अडून बसलाच, तर स्वतः तुटतो, पण दोघांना वाचवतो. तुझं पोलाद तुटणार नाही रे. ते इंजिनाचे दाते तोडेल."

विश्रामला हे पटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नवरदेवाला आणि शेठना घेऊन मोटार तोच चालवत होता. भर बाजारात डायनामोचे जुने बेअरिंग अडकले. फट्‌ असा आवाज झाला. बँडवाल्यांना फटाका वाटला, त्यांनी चाल बदलली. चकती फाटून डायनामो थांबला होता. इंजिन मात्र बॅटरीवर धडधडत राहिले. विश्रामने बॉनेट उघडून फाटलेली चकती पाहिली. पोलाद असते, तर नवरदेव इथेच उतरला असता.

बाजारात थांबून मग मोटार जपून हाकल्याने उशीर झाला. मांडवापासून पन्नास पावलांवर शेठनी ती थांबवली. व्याही सामोरे आल्याशिवाय ते उतरणार नव्हते. व्याही आदगोंडा अण्णा उशिरामुळे संतापून मांडवात बसलेले. मुहूर्ताला दहा मिनिटे उरली. निरोप न्यायला विश्रामच सापडला.

शेठ म्हणाले, "त्यांना सांग, आधी येऊन नमस्कार करा म्हणावं."

विश्राम पन्नास पावले चालला आणि अण्णांना म्हणाला, "शेठना तुमच्याच हाताला धरून उतरायचंय."

अण्णा गुरगुरले, "मुहूर्त काय त्यांच्या मोटारीसाठी थांबणार आहे?"

विश्राम परतला. "अण्णा म्हणतात, तुमच्याशिवाय मुहूर्त साधणार नाही."

शेठनी एक पाय खाली ठेवला. तिकडून अण्णाही उठले. समोरचा नमला, अशी दोघांची खात्री होती. म्हणून दोघेही प्रसन्नपणे भेटले. अक्षता वेळेवर पडल्या.

पंगतीत विश्रामने सगळे लग्नाला आलेल्या वस्तादांना सांगितले. "दोघांच्याही शिव्या मीच खाल्ल्या," तो म्हणाला.

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी सरकून शेजारी जागा केली आणि वाढप्याला थांबवून विश्रामच्या पानात स्वतःच्या हाताने जिलेबी वाढली.