आरशाशेजारची चौकट

एका गावात रंगनाथचे सलून होते. तिथे कात्री चालायची रंगनाथची आणि तोंडे चालायची गिऱ्हाइकांची. त्याची मुलगी मंजुळा तालुक्याच्या साप्ताहिकात बातमीदार म्हणून लागली, तेव्हा रंगनाथला आकाश ठेंगणे झाले. गावातली पहिली बातमीदार, आणि तीही आपली पोर!

पहिल्याच आठवड्यात मंजुळाला मोठी बातमी मिळाली. तालुक्याहून साऱ्या गावाचे दूध परत आले होते, कारण दुधात पाणी निघाले होते. "हे काम त्या म्हैसवाल्या गेनबाचंच," असे सलूनमध्ये बसलेल्या पाच जणांनी छातीठोकपणे सांगितले. पाच माणसे एकच सांगतात म्हणजे खरेच असणार, असे मंजुळाला वाटले. तिने गेनबाचे नाव घालून झोकात बातमी लिहिली. ती पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, तिच्या नावासकट छापून आली. रंगनाथने गावभर पेढे वाटले आणि कात्रण चौकटीत घालून आरशाशेजारी टांगले. दाढीला येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचावेच लागे. जो वाचत नसे, त्याच्या गालावर वस्तरा जरा रेंगाळत असे.

चार दिवसांनी म्हातारा गेनबा सलूनच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"पोरी, माझी म्हैस गाभण हाय. महिना झाला, आटलीया. म्या डेअरीला थेंबभर दूध घातलं न्हाई. आता गावात कुणी राम राम घालंना. मला एकदा इचारायचं तरी."

एवढे बोलून तो निघून गेला. मंजुळाच्या पायाखालची जमीन सरकली. ती तडक गावच्या डेअरीत गेली. गेनबा खरोखरच महिनाभर तिकडे फिरकला नव्हता. पाणी कोणी घातले, हे तर कोणालाच ठाऊक नव्हते. तिने पाच जणांचे ऐकले होते, पण ज्याचे नाव छापले त्याच्या दारात ती गेलीच नव्हती.

तिने संपादक नानासाहेबांना सगळे सांगितले. ते भले गृहस्थ होते.

"आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती टाकू," ते म्हणाले. "तुझं नाव नको. आत्ताच कुठे लागलीस. सुरुवातीलाच नाव खराब झालं, तर पुढे तुझ्या बातमीवर विश्वास कोण ठेवील?"

मंजुळाला आरशाशेजारची चौकट आठवली, वडिलांनी वाटलेले पेढे आठवले. तिला रडू आले. पण डोळे पुसून ती म्हणाली, "गेनबाकाकांचं नाव पहिल्या पानावर गेलंय. माझी चूकही तिथंच जाऊ द्या. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, माझ्या नावानं."

अंक आला. 'गेनबांनी पाणी घातले नाही. मी त्यांना विचारले नाही. चूक माझी.' गाव वाचून हसले. ते पाच जण तर सगळ्यांत मोठ्याने हसले.

मंजुळाला वडिलांसमोर जायची लाज वाटू लागली. कशीबशी ती सलूनच्या दारापर्यंत आली. आत खुर्चीत गेनबा बसला होता, तोंडाला साबण लावून. रंगनाथ भिंतीवरची चौकट उतरवत होता. आता ही माळ्यावर जाणार, असे वाटून मंजुळाचा चेहरा पडला.

रंगनाथने जुने कात्रण बाहेर काढले. त्या जागी नवे बसवले. काच पुसली आणि चौकट पुन्हा आरशाशेजारी टांगली.

"रंगनाथा, पोरीची चूक कुणी भिंतीला टांगतं व्हय?" त्या पाचांपैकी एकाने विचारले.

"मागल्या बातमीला वाटलं, पोर बातमीदार झाली," रंगनाथ म्हणाला. "खरी झाली ती आज."

गेनबाने साबणाने माखलेले तोंड वर केले. "चौकट जरा डावीकडं घे, रंगनाथा. मला हितनं नीट दिसंना."

दारात उभ्या मंजुळाला पहिली बातमी छापून आली तेव्हाही एवढा अभिमान वाटला नव्हता.

तात्पर्य: दुसऱ्याचा दोष जेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिला, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत आपली चूक लिहिण्याची ज्याची तयारी असते, त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवावा.