सखाहरीचा कागद आणि खाडीचं पाणी

माण तालुक्यात एक गाव आहे. तिथं पाऊस कमी पडतो, पण शहाणे भरपूर पिकतात. त्यांतलाच एक सखाहरी बोडरे. तीस वर्षं त्यानं एसटीच्या डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिल्या. निवृत्त झाला तरी हात थांबेना. जेवण किती वाजता, म्हशीचं पाणी किती वाजता, सगळं कागदावर लिहायचा. आणि कुणाला काही विचारायचं म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. ज्याला विचारावं लागतं तो अडाणी, असं त्याचं मत होतं.

त्याची लेक रेवती. तिनं कोकणातल्या एका मास्तराशी आपल्या मनानं लग्न केलं आणि समुद्राकाठी कारवेली गावात नांदायला गेली. सखाहरी रागावून बसला. नातवाच्या बारशाला तिनं बोलावलं, तर यानं निरोप धाडला, "गाडी बंद पडली." नव्या घराच्या वास्तुशांतीला बोलावलं, तेव्हाही गाडीच बंद पडली. गाडी दारात धडधाकट उभी होती. बंद पडला होता तो हा.

या वर्षी फाल्गुन लागला आणि रेवतीचा फोन आला. "आबा, आमच्या गावचा शिमगा तेरसेला असतो. दिवेलागणीला पालखी अंगणात येते. यंदा पहिला मान आमच्या घराचा आहे. माहेरचं माणूस उभं राहावं लागतं. दोनदा कारण ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकणार नाही, आणि परत बोलावणारही नाही."

सखाहरीला ते लागलं. नातू चार वर्षांचा झाला होता आणि त्यानं त्याला फोटोतच पाहिला होता. जायचं ठरलं. मोटरसायकलवरून, नवराबायको दोघं. पहिल्या दिवशी घाट उतरायचा, दुसऱ्या दिवशी किनाऱ्या-किनाऱ्यानं, तिसऱ्या दिवशी खाडी ओलांडून कारवेली.

मग बसला कागद घेऊन. पेट्रोल कुठं, चहा कुठं, मुक्काम कुठं, सगळं मिनिटासकट. शेवटच्या रकान्यात त्यानं हवाही लिहून टाकली. तिन्ही दिवसांपुढं एकच शब्द, "कोरडी."

बायको कलावती म्हणाली, "अवो, फाल्गुनातली हवा. सकाळी थंडी, दुपारी ऊन, मधेच शिंतोडे. तुम्ही कोरडी लिहिली म्हणून ती कोरडी राहणाराय का?"

"लिहिल्याशिवाय शिस्त येत नाही," सखाहरी म्हणाला.

खाडीवर मोटरसायकल होडीत चढवून पलीकडं नेतात. त्या होडीवाल्या हुसेन नाखव्याला त्यानं पंचमीच्या दिवशी फोन लावला. "होडी कधी असते?"

"आज चारला पाणी टम्म आहे बघा. पण तुम्ही..."

"चार. ठीक." सखाहरीनं फोन ठेवला आणि कागदावर लिहिलं, होडी दुपारी चार. नाखवा पुढं काय सांगणार होता ते ऐकायला तो थांबला नाही.

एकादशीला दोघं निघाली. घाटाच्या माथ्यावर आभाळ भरून आलं आणि दोघं चिंब भिजली. कागदावर कोरडी हवा होती म्हणून रेनकोट घरीच राहिले होते. कलावतीनं पिशवीतून खताच्या गोणीचं प्लास्टिक काढलं आणि दोघांच्या डोक्यावर धरलं. सखाहरी गाडी चालवत म्हणाला, "हा पाऊस धरायचा नाही."

"बरं," कलावती म्हणाली. "नाही धरत."

कलावतीनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. ती लहान पोरीसारखी विचारतच सुटली. हे झाड कसलं? हा मासा वाळूत का पुरलाय? दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्यांनी एका बंदरावर चहा घेतला, तेव्हा होड्या पाण्यावर डुलत होत्या. तिथंच जेवण करून तीनला निघाली, तर त्याच होड्या चिखलात कलंडून पडलेल्या. कलावती थेट मासे वाळत घालणाऱ्या बाईकडं गेली.

"बाई, पाणी कुठं गेलं हो?"

बाई हसली. "दिवसातनं दोनदा येतं नि दोनदा जातं. वेळ रोज पाऊण तास पुढं सरकते. आज साडेनऊला भरलं, उद्या सव्वादहाला भरेल. चंद्र सरकतो तसं तेपण सरकतं."

कलावतीनं बोटं मोजली. मग नवऱ्याकडं आली. "अवो, उद्या चारला खाडीत पाणी नसणार. दहाला असेल. पहाटे निघू या. नाहीतर त्या नाखव्याला परत एकदा विचारा तरी."

"त्या मासेवालीनं किती गाड्या सोडल्यात आजवर?" सखाहरी म्हणाला. "मी त्याच्याच तोंडून चार ऐकलंय. समुद्र काय आपली बस आहे का, रोज उशिरा सुटायला?"

"बस नाही, म्हणूनच म्हणते."

ऐकलं नाही. तेरसेच्या सकाळी रात्रीचे शिंतोडे थांबले, ऊन पडलं, जाणारा माणूस दहाला आरामात पोचला असता. सखाहरी लॉजच्या खाटेवर पाय लांब करून बसला, कारण कागदावर साडेबारापर्यंत विश्रांती होती. दुपारी दोघं निघाली आणि चारला दोन मिनिटं कमी असताना खाडीवर हजर झाली. वेळ पाळली म्हणून त्यानं मिशीवरून हातही फिरवला.

समोर नुसता चिखल. मैदानासारखा पसरलेला. मधे पाण्याचा एक बारका पट्टा आणि अलीकडं आडवी पडलेली होडी. होडीत हुसेन नाखवा टोपी तोंडावर घेऊन झोपला होता.

"नाखवा! चार वाजले!"

नाखवा उठून बसला. "वाजले असतील काका. पण पाणी कुठंय?"

"तूच म्हणालास चार!"

"पंचमीला म्हणालो. त्या दिवशी चारच होते. आज तेरस. आठ दिवसांचे सहा तास झाले. आता पाणी रात्री दहाला. मी सांगतच होतो, तुम्ही फोन ठेवलात."

"दुसरा रस्ता?"

"पूल आहे. वर घाटातनं शंभर किलोमीटर. निघालात तरी रात्र होईल."

खाडीपलीकडं कारवेलीचे माड दिसत होते. ढोल ऐकू येत होते. लेकीचं अंगण तिथं, हा इथं, आणि दिवेलागणीला दोन-अडीच तास. सखाहरीच्या घशाला कोरड पडली. आता खरी हवा कोरडी झाली!

त्यानं फोन काढला. कलावतीनं विचारलं, "काय सांगताय?"

"होडीचं इंजिन बिघडलंय म्हणतो. आपला काय दोष?"

नाखव्यानं मान वर केली. कलावती म्हणाली, "दोनदा गाडी बिघडली. आता होडी बिघडणार. अवो, ज्याची होडी तो समोर बसलाय. त्याच्या तोंडावर खोटं सांगून लेकीच्या दारात कुठल्या तोंडानं जाल?"

सखाहरीनं फोन परत खिशात ठेवला.

कलावती तोवर खाडीकडं बघत होती. चिखलात, पार मधे, पाच-सहा बायका वाकून काहीतरी टोपलीत भरत होत्या. तिनं विचारलं, "नाखवा, पाणी नाही, होडी नाही. मग त्या बायका कुठनं आल्या?"

"कारवेलीच्याच आहेत. मुळे काढतायत, शिंपल्यातले. ओहोटीला चालत येतात नि चालतच जातात. पण वाट त्यांनाच ठाऊक. पाणी फिरायच्या आत पलीकडं व्हायला लागतं. गाडी राहू द्या, रात्री भरतीला मी आणून देतो."

आता मोटरसायकल सोडायची, चप्पल हातात घ्यायची, धोतर खोचायचं आणि मुळे काढणाऱ्या बाईला वाट विचारायची. तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते करायचं. सखाहरी काठावर उभा राहिला. पलीकडं ढोल वाजत होते. त्यानं तोंडाला हात लावून हाक मारली.

"ओ बाई! वाट दाखवाल का? मला ठाऊक नाही!"

त्यांतली एक थोराड बाई हसत काठापर्यंत आली. "या काका. माझ्या पावलावर पाऊल ठेवा. जरा चुकलात तर कमरेपर्यंत जाल."

मग सखाहरी पावलापावलाला विचारू लागला. "बाई, इथं ठेवू?"

"ठेवा."

"आणि इथं?"

"तिथं नको. तिथं माझा नवरा रुतला होता. दोरानं ओढला. लुंगी अजून आतच आहे."

मागून कलावती खुदकन हसली. मधला पट्टा आला, मांडीभर पाण्याचा. "बाई, ओढ किती?" "पाणी आत्ताच फिरतंय, चला लवकर." सखाहरीनं कलावतीचा हात धरला. दोघं पलीकडं लागली तेव्हा मागं पावलांच्या खड्ड्यांत पाणी भरू लागलं होतं.

रेवतीच्या अंगणात समया लागल्या होत्या आणि पालखी आत शिरत होती, तेव्हा ही दोघं कमरेपर्यंत चिखलानं माखून दारात उभी राहिली. सगळे बघतच राहिले. रेवतीची सासू पुढं झाली. "व्याही, हे काय? होडी नव्हती का?"

रेवती बापाच्या तोंडाकडं बघत होती. तिला कारणं ऐकायची सवय होती.

सखाहरी म्हणाला, "होडी होती. होडीवालाही चांगला होता. सकाळी पाणीसुद्धा होतं. मी चुकीच्या वेळेला आलो, कारण मी विचारलं नाही. बारशाला गाडी बंद नव्हती, रेवती. वास्तुशांतीलाही नव्हती."

ढोलवाला थांबला होता, त्याला कुणीतरी कोपर मारलं आणि तो परत वाजवू लागला. रेवतीनं तांब्या आणला आणि बापाच्या पायावर पाणी घातलं. एका तांब्यात काय होतंय! चार लागले. नातू बाजूला उभा राहून चिखलात बोट घालून बघत होता.

"आबा, आता पालखीला खांदा द्यायचा," ती म्हणाली.

सखाहरी पालखीपाशी गेला. दांडीजवळ उभ्या असलेल्या पोरसवद्या मानकऱ्यापुढं त्यानं हात जोडले आणि विचारलं, "बाळा, कुठल्या खांद्यावर घ्यायची असते?"

तात्पर्य: बेत खुशाल आखावा, पण पाणी आणि वारा आपला कागद वाचत नाहीत. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं, मग तो कोणीही असो. आणि आपली चूक दुसऱ्याच्या होडीत भरू नये.