पानमळ्यातला बुलबुलीचा कोपरा

एका ओढ्याकाठच्या गावात एक शास्त्रीबुवा राहत असत. चाळीस वर्षं त्यांनी पोथ्या वाचल्या होत्या, तरी स्वतःवर त्यांचा भरवसा नव्हता. दाराला कुलूप लावून निघाले, की वेशीपासून परत येऊन ते पुन्हा ओढून बघत.

त्यांच्या थोरल्या भावाचा नागवेलीचा पानमळा होता. भाऊ वारला, तेव्हा जाताना एवढंच म्हणाला, "मळा सांभाळ." त्या दोन शब्दांचं बुवांना फार ओझं वाटे.

मळ्याची कामं गिरजाक्का करायची. ती भावाच्या वेळेपासून तिथे होती. मळ्याच्या रस्त्याकडच्या बाजूला अडुळसा आणि निर्गुडीचं पुरुषभर उंच, दाट कुंपण होतं. उन्हं तापली, की अक्का पाटातलं पाणी त्या कुंपणावर आणि पलीकडच्या रस्त्यावर शिंपडायची.

"अक्का, पाणी वेलाला घालायचं की रस्त्याला?" बुवांनी एकदा विचारलं.

"दोघांनाही. मोठे धनी असंच करायचे."

"पण का?"

"मला काय ठाऊक? त्यांनी सांगितलं, मी करते. शिकलेले तुम्ही, तुम्हीच शोधा."

बुवांनी शोधलं नाही. मात्र एका बाजाराच्या दिवशी कुंपणापलीकडून जाणाऱ्या दोघांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

"शास्त्र्याच्या हाती मळा आलाय म्हणे."

"मग आत पानं कसली? पोथ्या वाळत घातल्या असतील!"

दोघं हसत पुढे गेले. बुवांना मात्र जेवण गोड लागेना. मळा हिरवागार होता, पण तो लोकांना दिसणार कसा? दुसऱ्या दिवशी त्यांनी कोयता मागवला.

"कुंपण तोडता?" अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मळा म्हणजे काय दाखवायची नवरी आहे?"

"अगं, सगळं पाणी ते कुंपणच पितं. आणि लोकांनाही कळू दे, मळा नीट चाललाय ते."

"तोडा मग. पण त्या कोपऱ्याला हात लावू नका. तिथं बुलबुलीण अंड्यांवर बसलीय."

बुवा मनाने मऊ. ते म्हणाले, "बरं, तेवढा राहू दे." बाकीचं कुंपण चैत्राच्या पहिल्या आठवड्यात आडवं झालं आणि रस्त्यावर पाणी शिंपडणंही थांबलं.

आठ दिवस येणारे-जाणारे थांबून "वा, बुवा!" म्हणत राहिले. बुवांना बरं वाटलं. मग गरम वारा सुटला. बैलगाड्यांमागून उठलेली धूळ थेट वेलांवर येऊन बसू लागली. महिना सरायच्या आत रस्त्याकडची पानं फिकी पडली, त्यांच्यावर ठिपके उमटले आणि कडा तांबूस होऊन वाळल्या.

बुवांनी पोथी वाचायचं भिंग आणलं आणि पान उलटं करून पाहिलं. शिरांच्या कडेने बारीक जाळी होती. तिच्यात टाचणीच्या टोकाहूनही लहान, आठ पायांचे लाल जीव शेकड्यांनी फिरत होते. मळेकरी त्यांना लाल कोळी म्हणत.

गावचे पंच येऊन बघून गेले. "बुवा, हा वाऱ्यावर दुसऱ्यांच्या मळ्यातही जाईल. वैशाखातल्या अमावास्येपर्यंत वेल सावरले तर ठीक. नाही तर मळा उपटून जाळावा लागेल."

भावाचे ते दोन शब्द बुवांच्या कानात घणासारखे वाजू लागले. त्यांनी पोथ्या उपसल्या. एकीत तंबाखूच्या जहाल काढ्याची कृती सापडली. मोठ्या हंड्यात काढा उकळून तयार झाला. पण शिंपडायच्या आधी बुवांना नेहमीसारखी शंका आली. आधी एकेक ओळ तपासलेली बरी, म्हणून ते भिंग घेऊन निघाले.

रस्त्याकडच्या ओळी लाल कोळ्यांनी भरल्या होत्या. आत जावं तसतसे ते कमी होत गेले. ओढ्याजवळच्या ओल्या गारव्यात एखाददुसराच दिसला. शेवटी बुवा बुलबुलीच्या कोपऱ्यापाशी आले आणि थबकले. हा कोपराही रस्त्यालगतच होता, पण इथला वेल लख्ख हिरवा होता.

त्यांनी पान उलटलं. तिथेही किडे होते! पण हे फिकट, पाण्याच्या थेंबासारखे चकचकीत आणि भलतेच चपळ.

"अक्का, घात झाला! इथे दुसरीच जात आहे. काढा आधी इथे ओतायला हवा."

अक्का त्यांच्या वाटेत आडवी आली. "बुवा, या कोपऱ्यातलं पान मी कधी तांबडं पडलेलं पाहिलं नाही."

"तुला हे किडे दिसतात तरी का?"

"छे! मला तर समोरून येणारी म्हैस जवळ आल्यावर दिसते. पण हात लावून बघा. इथलं पान गार आहे आणि तिकडचं तव्यासारखं."

बुवांनी हात लावला. पान खरंच गार होतं. पोथी म्हणत होती, ओत. अक्का म्हणत होती, थांब. चूक झाली तर भावाने तीस वर्षं जपलेला मळा राख होणार होता. त्यांनी पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. तेवढ्यात वाऱ्यासरशी उडून आलेला एक लाल कोळी त्या पानावर पडला. फिकट किडा धावत आला, त्याने लाल कोळ्याला धरलं आणि शोषून टाकलं.

बुवांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "अक्का, दादा रस्त्यावर पाणी का शिंपडायचा, ते आज कळलं. लाल कोळ्याला ऊन, धूळ आणि कोरडा वारा लागतो. या फिकट्यांना ओल आणि सावली लागते. कुंपण तोडून मी राखणदारांना घराबाहेर काढलं आणि चोराला अंथरूण घालून दिलं."

"मग आता?"

"आता तू सांग. मी करतो."

काढा उकिरड्यावर गेला. रस्त्याच्या बाजूला बुवांनी ओली तरटं टांगली, पानांच्या पाठी पाण्याने धुतल्या आणि दिवसातून तीनदा रस्ता भिजवला. पिल्लं उडून गेल्यावर कोपऱ्यातल्या कुंपणाच्या काही पालेदार फांद्या कापून त्यांनी आजारी वेलांना बांधल्या. फिकट राखणदार त्यांवरून उतरून कामाला लागले. अडुळशाच्या काड्याही नव्याने रोवल्या.

अमावास्येला पंच आले. चार ओळी गेल्याच होत्या. त्या बुवांनी स्वतःच्या हाताने उपटून जाळल्या. पण उरलेल्या वेलांच्या शेंड्यांना कोवळी, निर्मळ पानं आली होती. पंचांनी मान डोलावली आणि ते निघून गेले.

रीतीप्रमाणे पहिली जुडी ग्रामदेवतेला गेली. दुसरी बुवांनी बुलबुलीच्या रिकाम्या घरट्याखाली ठेवली आणि हात जोडले. मग त्यांनी एक विडा लावून अक्कासमोर धरला.

"मला कशाला? दात कुठे आहेत?"

बुवांनी खलबत्ता आणला. चाळीस वर्षं पोथीची पानं उलटणाऱ्या हातांनी त्यांनी तो विडा बारीक कुटला आणि अक्काच्या तळहातावर ठेवला. "इतकी वर्षं तू राखलंस. आम्ही विचारलंही नाही."

अक्काने विडा तोंडात टाकला. डोळे पुसत म्हणाली, "चुना जास्त झालाय, बुवा."

पुढच्या वर्षी कुंपण पुन्हा पुरुषभर उंच झालं. बाजाराच्या दिवशी पलीकडून कुणीतरी ओरडलं, "बुवा, आत काय वाळत घातलंय?"

"या की, आत येऊन बघा," बुवा हसून म्हणाले. "चपला मात्र बाहेर काढा. इथे फार लहान माणसं राहतात, त्यांना धूळ सोसत नाही."

तात्पर्य, जमेल तेवढं सांगायचं तर असं: संकट का आलं हे विचारताना, ते इतके दिवस का आलं नव्हतं हेही विचारावं, आणि ज्यांच्यामुळे आलं नव्हतं, त्यांचे आभार ते जवळ आहेत तोवरच मानावेत.