शिसवीतला आवाज

एका राज्यात चित्रांगी नावाची राणी होती. तिच्या तोंडून निघाला तोच हुकूम. लेखी हुकूम तिथे चालत नसे. कर्कोट मांत्रिकाने प्रधानपद मागितले. राणी म्हणाली, "नाही." मांत्रिकाने तो शब्द हवेतच पकडला, त्याच्यामागून तिचा सारा आवाज ओढून काढला, शिसवीच्या ओंडक्यात कोंडला आणि ओंडका राजवाड्याच्या चौकात टाकून निघून गेला. तीन वर्षे राणी मुकी. हुकमावाचून कालव्याची दारे बंद, शेते कोरडी, लग्ने अडलेली.

एके दिवशी एक सुतारपक्षी ओंडक्यावर उतरला. टकटक करून, कान देऊन म्हणाला, "आवाज आत आहे. ओंडका फोडाल तर मरेल. कातून काढा. तीन अटी. कातारी दोन हवेत. सूर्योदयापासून आवाज सुटेपर्यंत चरक थांबू नये. आणि दोघांनी अक्षर बोलू नये. चुकलात, तर हात लाकडाचे होतील."

चरकावर लाकूड फिरवून त्याला घाट देणारे नामांकित कातारी राज्यात दोनच, अंबू आणि रुद्रोजी. दोघे एकाच गुरूचे शिष्य. अंबूचा हात नाजूक, रुद्रोजीचा दांडगा. ती त्याच्या कामाला उखळे म्हणे, तो तिच्या कामाला भातुकली.

अंबू राणीपुढे हात जोडून म्हणाली, "बाईसाहेब, आठ वर्षे आमचे बोलणे नाही."

"मग एक अट आधीच पुरी झाली," सुतारपक्षी म्हणाला.

राणी आवाजावाचून हसली. ते बघून अंबूने पदर खोचला.

सूर्य उगवला. एकाने चरक फिरवणारी दोरी ओढायची, दुसऱ्याने पटाशी लावायची; हात भरून आले की चरक फिरता ठेवून जागा बदलायची. रुद्रोजीने साल उडवली, अंबूने पोटाला गोलाई दिली. काय घडवायचे ते ठरलेच नव्हते. तिने मान बारीक केली, तर त्याने खाली रुंद बैठक सोडली. अंबूने मनात कबूल केले, बैठक हवीच होती.

दुपारी मांत्रिक राजवैद्याचे सोंग घेऊन आला. त्याने फुंकर मारली, आणि अंबूच्या हातातली पटाशी घसरली. गुळगुळीत पोटावर खोल चर पडला.

"अरेरे! चूक कोणाची?" मांत्रिकाने गोड आवाजात विचारले.

'माझी' हा शब्द अंबूच्या जिभेच्या टोकाशी आला. तिने ओठ घट्ट मिटले. तेवढ्यानेच बोटे लाकडासारखी ताठ होऊ लागली होती.

रुद्रोजीने तिच्या हाती दोरी दिली आणि पटाशी घेतली. आता हा सगळेच तासून टाकणार, असे तिला वाटले. पण त्याने त्या चराशेजारी तसाच दुसरा चर घेतला, मग तिसरा. बघता बघता पोटावर पाण्याच्या लाटा उठल्या. अंबूच्या डोळ्यांत पाणी आले, पण दोरी थांबली नाही.

उन्हे कलली तेव्हा पटाशी आणि आवाज यांच्यामध्ये शिसवीची भिंत कांद्याच्या पापुद्र्याइतकी उरली होती. आतून राणीचा श्वास ऐकू येत होता. रुद्रोजी दोरी हळू, आणखी हळू ओढू लागला. अंबूने श्वास रोखला, पटाशी केसाएवढी पुढे सारली. टिकलीएवढे भोक पडले.

"कालव्याची दारे उघडा!" राणीचा आवाज चौकात घुमला.

मंत्र उलटला. मांत्रिकाचा भुंगा झाला. सुतारपक्ष्याने तो टिपला आणि चोच पुसली.

संध्याकाळच्या आत शेतांत पाणी खेळले. राणीने एका दमात एकशे चौदा लग्नांना परवानगी दिली. मग ती लाटांची शिसवी वस्तू दरबारात मांडून तिने विचारले, "हिला म्हणायचे काय?"

"घागर," अंबू म्हणाली.

"लाट," त्याच क्षणी रुद्रोजी म्हणाला.

"लाट? हिला बैठक आहे, तुला डोळे आहेत ना?"

"बैठक मीच ठेवली, बाई!"

राणी खळखळून हसली, आणि तीन वर्षांनी सारा दरबार हसला. त्या वस्तूला नाव काही ठरले नाही. राज्य मात्र सुखाने चालले.