पान लागलं

एकदा एका डोंगरी पाड्याच्या आरोग्य उपकेंद्रात एक ऐकणारं यंत्र आलं. रुग्णाने आपल्या बोलीत दुखणं सांगायचं आणि यंत्राने उपचार सांगायचा, अशी त्याची रचना होती. नर्सबाई आठवड्यातून दोनदाच येत. बाकीचे दिवस यंत्राचे. ते घडवणाऱ्यांत त्याच पाड्यावरची एक मुलगी होती. पाड्यावरचा वृद्ध वैदू हा तिचा पहिला गुरू. झाडपाला ओळखायला त्याने शिकवलं, आणि पुढे शिकायला शहरातही त्यानेच धाडलं.

त्या डोंगरात सापाचं नाव कोणी घेत नाही. घेतलं की तो येतो, अशी धारणा. साप चावला तर 'पान लागलं' म्हणायचं.

भातलावणीच्या दिवसांत यमुनी नावाच्या बाईला पान लागलं. नवऱ्याने तिला पाठुंगळी घेऊन केंद्र गाठलं आणि तसं सांगितलं. यंत्र म्हणालं, पानाच्या स्पर्शाने खाज सुटते. जागा धुऊन मलम लावा. सरकारी यंत्राला सगळं कळत असणार म्हणून त्याने मलम लावलं. दुपार टळायच्या आत यमुनी गेली.

तिसऱ्या दिवशी यंत्र घडवणारी ती मुलगी शहरातून आली. वाटेत पाचोळा वाजला तरी ती थबकत होती. वैदूच्या अंगणात पाहते तर बाया आणि पोरं ओळीने बसलेली, आणि म्हातारा त्यांच्याकडून घोकून घेतोय: "साप. साप चावला."

पोरं शब्द उच्चारत आणि चटकन मागे वळून बघत.

हा शब्द तिने त्याच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

"आजा, हे काय चाललंय?"

"शाळा. तुझं यंत्र शिकत नाही, मग आम्ही शिकतो. तुला तर शहरात सवय झाली असेल म्हणायची."

"मी दुरुस्त करून घेते. सांगितलंय त्यांना. सहा महिने लागतील म्हणाले. 'पान लागलं' म्हणणारी माणसं थोडी आहेत, म्हणाले."

"आता एक कमी झालं," वैदू म्हणाला.

ती खाली बसली. त्याने विचारलं, "यंत्र घडवताना तू तिथे होतीस ना?"

"होते."

"मग?"

"त्यांनी विचारलं, तुमच्याकडे सापाला काय म्हणतात. सगळे माझ्याकडे बघत होते. पान लागलं म्हटलं असतं तर हसले असते. मी म्हटलं, सापच म्हणतात. मग त्यांनी पाड्याची प्रतिनिधी म्हणून माझा फोटो काढला."

वैदू तिच्याजवळ येऊन बसला.

"त्यांनी तुला खुर्ची दिली, पोरी, पण एकटीला दिली. परक्या घरात एकटं माणूस त्या घरचंच बोलतं. शेजारी आपल्यातली आणखी चार माणसं असती, तर तू बोलली असतीस. आणि माझंही चुकलं. यमुनीचा नवरा आधी माझ्याकडेच आला होता. मीच म्हटलं, केंद्रात ने, त्या यंत्रात आपली पोर आहे."

तिने तोंड पदरात लपवलं.

"आता ही पोरं जगतील, तेवढं होईल," तो म्हणाला. "पण दहा वर्षांनी तुझं यंत्र यांचं बोलणं ऐकेल आणि सांगेल, या डोंगरात सापाला सापच म्हणत आले. तेव्हा ते खोटं बोलत नसेल."

ज्यांना ऐकण्यासाठी यंत्र आणलं, त्यांनाच आता त्याच्यासारखं बोलायला शिकायचं होतं, हे तिला समजलं होतं. ती उठली आणि ओळीच्या शेवटी जाऊन बसली.

"म्हण," वैदू म्हणाला.

तिने शब्द उच्चारला आणि लहानपणीच्या सवयीने मागे वळून पाहिलं. मागे काही नव्हतं.